श्वासाचा शिधा

मृग निघाला की शेतकऱ्याचे डोळे आभाळाकडे लागतात आणि दमेकऱ्याचे हैदराबादकडे. मराठवाड्यातून माणसे आगगाडीने, बसने निघतात आणि नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर रांगेत उभी राहतात. तेथे बथिनी गौड घराण्यातील मंडळी बोटभर लांबीच्या जिवंत मरळ माशाच्या तोंडात पिवळसर औषधाची गोळी भरतात आणि तो मासा रुग्णाच्या घशात सोडतात. मासा न खाणाऱ्याला तेच औषध गुळातून मिळते. त्यानंतर ४५ दिवसांचे पथ्य, आणि ओळीने तीन वर्षे ही वारी. औषधात काय आहे हे या घराण्याने उघड केलेले नाही, आणि ते दम्यावर चालते याला शास्त्रीय पुरावा नाही. विवेकवादी संघटनांनी त्यावर आक्षेप घेतले, वाद झाले. कोरोनाच्या साथीमुळे २०२० ते २०२२ अशी तीन वर्षे हे वाटप बंद राहिले. २०२३ च्या जूनमध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा रांगाही पुन्हा लागल्या.

शहरातील सुशिक्षित माणसाला या रांगेचे हसू येते. हसण्यापूर्वी, या रांगेतला माणूस आधी कोणकोणत्या रांगांत उभा राहून आला आहे याची चौकशी केलेली बरी. मृगाच्या रांगेला काही गुण आहेत. तिचा दिवस ठरलेला असतो. औषधाला पैसे पडत नाहीत. गर्दीचा अंदाज घेऊन मरळीच्या पिलांची बेगमी तेथील सरकारचे मत्स्यखाते आधीच करून ठेवते. म्हणजे ज्या औषधाचा गुण सिद्ध झालेला नाही, त्याच्या वाटपात काही उणे पडू नये याची काळजी एक सरकारी खाते वाहते. आणि ज्या औषधाचा गुण पन्नास वर्षांपूर्वीच सिद्ध झाला, ते सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर पुरेसे मिळेल याची हमी कोणतेच खाते देत नाही. कोजागरीच्या रात्री दुधातून वा खिरीतून दम्याचे औषध वाटण्याची प्रथा महाराष्ट्रातही अनेक गावी आहे. तीही याच पोकळीत टिकून आहे.

ही पोकळी कशी दिसते हे पाहायचे असेल तर तालुक्याच्या ठिकाणी बाजाराच्या दिवशी जावे. ज्वारीच्या खळ्यावर किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेली एखादी म्हातारी सकाळच्या पहिल्या बसने येते. केसपेपर आता फुकट आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार यांचे शुल्क बंद झाले, आणि हा निर्णय चांगलाच होता. डॉक्टर छातीला नळी लावतात, सूं-सूं आवाज ऐकतात आणि कागदावर दोन औषधे लिहितात. खिडकीवरचा माणूस कागद पाहतो. ‘मावशी, पंप नाही आला. गोळ्या आहेत, पाच दिवसांच्या देतो. पंप बाहेरून घ्या, नाहीतर पुढच्या सोमवारी बघा.’ मावशी गोळ्या पदरात बांधते. पुढचा सोमवार म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचे भाडे. शुल्क माफ झाले ते खिडकीपर्यंतचे. खिडकीच्या पलीकडे रस्ता ओलांडला की औषधाचे दुकान आहे, आणि तेथे कसलीच माफी नाही.

यात खिडकीवरच्या माणसाचा दोष नाही. तो कपाटात जे आहे ते देतो. प्रश्न कपाटाचा आहे, आणि त्याहूनही कपाटात काय यावे हे कोण व कसे ठरवतो याचा आहे.

दमा म्हणजे श्वासनलिकांना आलेली जुनी सूज. ती बाहेरून दिसत नाही, आणि चांगल्या दिवसांत रुग्णालाही जाणवत नाही. पण ती असतेच. धूळ, धूर, परागकण, थंडी, सर्दी, एखादा उग्र वास असे काही निमित्त झाले की सुजलेल्या नलिका आवळतात आणि माणूस श्वासासाठी झगडू लागतो. या झगड्याला लोक दमा म्हणतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने तो दम्याचा केवळ झटका. म्हणून औषधेही दोन तऱ्हेची आहेत. एक आवळलेली नळी लगेच मोकळी करणारे. सॅल्ब्युटामॉल हे त्यातले सर्वांत परिचित, १९६९ साली बाजारात आलेले. दुसरे, मूळ सूज उतरवणारे आणि उतरलेली ठेवणारे, म्हणजे फवाऱ्यातून ओढायचे सौम्य स्टेरॉइड. बेक्लोमेथासोन १९७२ साली आले, पुढे ब्युडेसोनाइड आले. पहिल्याने आराम पडतो. दुसऱ्याने काहीच ‘वाटत’ नाही, पण झटका येत नाही, आणि झटका आला नाही म्हणजे मरणही टळते. हे दुसरे औषध बरे वाटत असतानाही रोज घ्यावे लागते.

झटक्यापुरते सॅल्ब्युटामॉल ओढत राहणे आणि सुजेवर काहीच न घेणे हे किती धोक्याचे आहे, याविषयी वैद्यकात आता दुमत उरलेले नाही. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘गिना’ या जागतिक मंडळाने २०१९ साली स्पष्टच सांगितले की नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर कोणत्याही प्रौढ रुग्णाला ठेवू नये. सूज उतरवणारे औषध सोबत हवेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आणि भारताच्या राष्ट्रीय यादीत सॅल्ब्युटामॉलबरोबर ब्युडेसोनाइड आहे, ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंपही आहे. यादीत नाव आहे; अडचण यादीच्या पुढे सुरू होते.

सरकारी कपाटात सहसा सापडते ती सॅल्ब्युटामॉलची गोळी. पंपाच्या एका फवाऱ्यात हे औषध १०० मायक्रोग्रॅम असते. गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची. म्हणजे चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत चाळीस फवाऱ्यांएवढे औषध असते. फवारा थेट नळीत जातो. गोळी पोटात, रक्तात, हृदयात, स्नायूंत सगळीकडे फिरून मग थोडी छातीत पोचते. म्हणून गोळी घेतल्यावर हात थरथरतात, छाती धडधडते, आणि तरीही आराम उशिरा पडतो. जगाने ही गोळी दम्यासाठी जवळजवळ मागे टाकली आहे. ती कपाटात राहिली, कारण ती स्वस्त आहे. किती स्वस्त, तर एवढ्या नियंत्रित किमतीत ती बनवणे परवडत नाही असे उत्पादकांचे म्हणणे होते, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने ज्या मोजक्या जुन्या औषधांची कमाल किंमत एकदम ५० टक्क्यांनी वाढवली त्यांत सॅल्ब्युटामॉलच्या गोळ्या होत्या. पैशापैशाने मोजून घेतलेले औषध चाळीस पट जास्त पोटात ढकलायचे, ही काटकसर म्हणावी की उधळपट्टी?

गोळीने भागले नाही की रुग्ण रात्री-अपरात्री येतो. मग शिरेतून औषध, वाफ, प्राणवायू. हे सारे दवाखान्यात असते आणि डॉक्टर-परिचारिका ते निष्ठेने करतात. पहाटेपर्यंत श्वास बसतो, सकाळी घरी पाठवतात, पुन्हा पाच दिवसांच्या गोळ्या देऊन. महिन्याभराने तोच रुग्ण, तीच खाट. जो रुग्ण दवाखान्यातही पोचत नाही तो गावातल्या ‘डॉक्टर’कडून कसले तरी इंजेक्शन घेतो. ते बहुधा जोरकस स्टेरॉइड असते. त्याने जादूसारखा आराम पडतो आणि काही वर्षांत हाडे ठिसूळ होतात, साखर वाढते. विनोद असा की हाच रुग्ण पंपाला ‘सवय लागते’ म्हणून भितो. पंपातील स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, हे त्याला निवांत समजावून सांगायला शंभर रुग्णांच्या रांगेत कोणाला सवड नसते. त्यातच पंप कधी मिळतो, कधी मिळत नाही. औषध तुटले की झटका येतो, आणि ‘पंप सोडला की त्रास वाढतो, म्हणजे सवय लागलीच’ हा समज पक्का होतो.

येथे ‘पुरेसे’ या शब्दाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. एका पंपात साधारणपणे २०० फवारे असतात. सकाळी दोन, संध्याकाळी दोन असे औषध लिहून दिले तर एक पंप ५० दिवस पुरतो. वर्षाला सात-आठ पंप लागतात. आता दवाखान्याने तीन महिन्यांतून एकदा पंप दिला तर नोंदवहीत रुग्णाला औषध ‘मिळाले’ असते. प्रत्यक्षात ५० दिवस औषध आणि ४० दिवस उपास. शहाणा रुग्ण काय करतो? तो चाराचे दोन फवारे करतो, बरे वाटते त्या दिवशी एकही घेत नाही, आणि पंप हलवून त्यात किती उरले याचा अंदाज घेत बसतो. शिधापत्रिकेवरची साखर जशी पाहुणे येईपर्यंत डब्यात जपून ठेवावी तसा तो श्वास जपून ठेवतो. डॉक्टरांच्या भाषेत त्याला ‘औषध नियमित न घेणारा रुग्ण’ म्हणतात.

देशाची स्थिती याहून वेगळी नाही. राज्यवार रोगभाराचा जो अभ्यास २०१८ साली ‘लॅन्सेट’च्या जागतिक आरोग्यविषयक नियतकालिकात आला, त्याप्रमाणे २०१६ मध्ये भारतात दम्याचे सुमारे ३ कोटी ८० लाख रुग्ण होते. जगातील दमेकऱ्यांत भारताचा वाटा साधारण आठव्या हिश्शाचा; पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंत तो ४० टक्क्यांच्या पुढे जातो. रोग इतरांपेक्षा जास्त नाही, मरण जास्त आहे. नऊ शहरांतील दम्याच्या एका मोठ्या पाहणीत (पुण्याचे डॉ. संदीप साळवी तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक) असे आढळले की दम्याची लक्षणे असलेल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला दमा आहे हे कोणी सांगितलेलेच नव्हते, आणि ज्यांना सांगितले होते त्यांच्यापैकीही रोज पंपातून स्टेरॉइड घेणारे दहात एकही नव्हते. आणि ही शहरांची गोष्ट.

याच देशात पंप बनत नाहीत असेही नाही. मुंबईच्या सिप्ला कंपनीने सत्तरीच्या दशकातच हे उत्पादन येथे सुरू केले. एप्रिल २०२० मध्ये तिच्या सॅल्ब्युटामॉल पंपाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने परवानगी दिली. भारतीय पंप अमेरिकेतील दुकानाच्या फळीवर जाऊन बसतो, आणि कंपनीच्या मुख्यालयापासून दोनशे मैलांवरील आरोग्य केंद्राच्या फळीवर तो असेलच असे सांगता येत नाही.

मग अडते कोठे? पैसा कमी पडतो हे एक उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. पण आहे त्या पैशाचे औषध वेळेवर येत नाही हे त्याहून खरे उत्तर. पूर्वी प्रत्येक खाते, प्रत्येक जिल्हा आपापल्या परीने खरेदी करी. त्यात दर वेगळे, दर्जा वेगळा, आणि गैरव्यवहाराला वाव. स्वस्त आणि निकृष्ट यांतील अंतर पुसले की काय होते हे मुंबईने १९८६ साली पाहिले. जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, आणि न्या. लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदी व औषधनियंत्रण यांतील सडलेपण चव्हाट्यावर मांडले. २०१७ साली राज्य सरकारने औषधखरेदी एकत्र करून ती हाफकिन महामंडळाकडे सोपवली. हेतू रास्त होता. पण लस बनवण्याचा वारसा असलेल्या संस्थेवर अख्ख्या राज्याच्या निविदांचा डोंगर घातला गेला, आणि मागणी नोंदवूनही औषध न येण्याची तक्रार नित्याची झाली. २०२४ साली विधिमंडळापुढे आलेल्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही या पुरवठ्यातील दिरंगाईवर बोट ठेवले. २०२३ साली कायदा करून ‘महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण’ स्थापण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. मोठ्या संख्येने माणसे एका छपराखाली दगावली म्हणून ती बातमी झाली. दमेकरी एकेकटा, आपापल्या घरी, पहाटेच्या सुमारास जातो. त्याची बातमी होत नाही.

निविदेपेक्षाही खोल असे एक कारण आहे, आणि ज्यांनी कचेरीत मागणीपत्रे भरली आहेत त्यांना ते चटकन उमगेल. पुढील वर्षाची मागणी गेल्या वर्षीच्या खपावर ठरते. गेल्या वर्षी ब्युडेसोनाइडचे पंप आले नाहीत. आले नाहीत म्हणून वाटले गेले नाहीत. वाटले गेले नाहीत म्हणून खप शून्य. खप शून्य म्हणून मागणी शून्य. संगणक आला तरी हे चक्र सुटत नाही, कारण यंत्राला तेवढेच कळते जेवढे नोंदवहीत आहे. खिडकीवरून रिकाम्या हाती परतलेल्या माणसासाठी नोंदवहीत रकाना नाही. ‘न दिलेले औषध’ कोठेच लिहिले जात नाही, आणि शासनाच्या लेखी जे लिहिले गेले नाही ते घडलेले नसते.

या चक्राबाहेर पडण्याची रीत परदेशातून आणायला नको. ती त्याच दवाखान्यात, त्याच औषधांच्या खोलीत, अनेकदा शेजारच्याच टेबलावर वर्षानुवर्षे राबवली गेली आहे. क्षयरोगाचा सुधारित राष्ट्रीय कार्यक्रम १९९७ साली सुरू झाला, आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. त्यात रुग्ण नोंदला गेला की संपूर्ण उपचाराच्या औषधांची एक पेटी त्याच्या नावाने बाजूला काढली जाई. पेटीवर त्याचे नाव. ती दुसऱ्याला द्यायची नाही. उपचार निम्म्यावर असताना औषध संपले, ही शक्यताच त्या पेटीने काढून टाकली. औषधाची मागणी खपावरून नव्हे, नोंदलेल्या रुग्णांवरून ठरू लागली. पुढे उपचारपद्धती बदलली, पेट्या गेल्या, आणि २०२४ साली क्षयाच्या औषधांचाही देशात तुटवडा जाणवला, हेही खरे. तरी पेटीची ती कल्पना चुकीची ठरली नाही. क्षयरोग्याला नावाची पेटी मिळाली, कारण त्याचा खोकला इतरांना लागतो. दम्याचा श्वास कोणाला लागत नाही. समाजाला ज्याची भीती वाटत नाही त्या रोगाला पेटी मिळत नाही, असा याचा सरळ अर्थ होतो.

एकूणच व्यवस्थेला झटका दिसतो, रोग दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पश्चिम बंगालच्या एका खटल्यात सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे असा मोलाचा निर्णय दिला. पण तो तातडीपुरता. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचेही तेच. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली आणि पुढे नाव बदललेली ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचा मोठा खर्च उचलते, आणि कित्येक कुटुंबांना तिने कर्जातून वाचवले आहे. पण तिचे दार दाखल झाल्यावर उघडते. रोजचा पंप तिच्यात बसत नाही. त्या पंपाअभावी माणूस अत्यवस्थ होऊन खाटेला खिळला म्हणजे मग विमा कंपनी, करार, मंजुरी, हजारोंचे बिल अशी सारी यंत्रणा हलते. ज्या रकमेत वर्षभर श्वास मिळाला असता ती दोन दिवसांच्या खाटेत जाते.

केंद्र सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. श्वसनाचे जुनाट विकार त्यात नंतर आले, आणि २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत दम्याचे नाव स्पष्ट आहे. तरी आरोग्य केंद्रात पाहावे तर रक्तदाबाचे यंत्र आहे, साखर मोजण्याची पट्टी आहे. फुंकर मारून श्वासाचा जोर मोजायची प्लॅस्टिकची साधी नळी मात्र क्वचितच आढळते. मोजले जात नाही ते नोंदले जात नाही, आणि नोंद नाही तर मागणी कशी होणार?

शेजारचे उदाहरण पाहावे. तमिळनाडूने १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढले. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे, वाटण्यापूर्वी प्रत्येक औषधाची तपासणी, आणि प्रत्येक रुग्णालयाला एक पासबुक. बँकेच्या पासबुकात असते तशी त्यात त्या रुग्णालयाच्या हक्काची रक्कम मांडलेली असते. गोदामातून औषध उचलले की ती वजा होते. कोणते औषध किती घ्यायचे हे बहुतांशी रुग्णालय ठरवते. केरळने आणि राजस्थानने पुढे याच धर्तीवर महामंडळे काढली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून मोफत औषध योजना सुरू केली. महाराष्ट्राने याबाबत उशीर केला, यात शंका नाही. पुरोगामी म्हणवून घेणाऱ्या, रोजगार हमी देशाला शिकवणाऱ्या राज्याला औषधाच्या हमीसाठी २०२३ उजाडावे लागले.

नुसत्या दम्याविषयी बोलायचे तर फिनलंडसारख्या छोट्या देशाने १९९४ ते २००४ अशी दहा वर्षांची मोहीम काढली. लवकर निदान करा आणि पहिल्या दिवसापासून सूज उतरवणारे औषध द्या, एवढाच तिचा गाभा. मृत्यू घटले, रुग्णालयातले दिवस घटले, आणि औषधावरचा खर्च वाढूनही दर रुग्णामागचा एकूण खर्च उतरला. फिनलंड श्रीमंत आहे असे म्हणून हे उदाहरण बाजूला सारता येईल. ब्राझील तेवढा श्रीमंत नाही. तेथे २०१२ पासून दम्याची तीन मूळ औषधे सरकारी योजनेतून नोंदणीकृत दुकानांत फुकट मिळू लागली. रुग्णाने रुग्णालयाची खिडकी गाठायची की कोपऱ्यावरचे दुकान, एवढाच फरक. पण एक दिवसाची मजुरी बुडणाऱ्याला तोच फरक मोठा असतो.

दुकानाचा विचार महाराष्ट्रात आणखी एका कारणाने करावा लागेल. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास घर सोडतो आणि उन्हाळ्यात परततो. त्याची नोंद एका आरोग्य केंद्रात आणि कोपी दुसऱ्याच जिल्ह्यात, कधी कर्नाटकात. फडात पाचट पेटते, धूर धरतो, थंडी असते. दम्याला याहून पोषक काय हवे? औषधाचा हक्क गावाशी बांधलेला असेल तर वर्षातले नेमके हेच पाच-सहा महिने तो माणूस बिनऔषधाचा राहतो. त्याच्या मुलाचेही तेच. कोपीवर गेलेले हे पोर शाळेच्या हजेरीपटावर ‘गैरहजर’ असते आणि मागे राहिलेच तर कवायतीच्या तासाला भिंतीशी बसून असते. वर्गातल्या ‘कामचुकार’ पोरांपैकी काहींची छाती सुजलेली असते, हे शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे.

औषध आले तरी ते ओढता यायला हवे, हीही एक बाब आहे. लहान मुलाला आणि म्हाताऱ्याला पंप दाबणे व श्वास ओढणे यांचा मेळ जमत नाही. औषध जिभेवर आणि घशात राहते. त्यासाठी मध्ये स्पेसर नावाचा पोकळ डबा लावतात. तो विकत घ्यायचा तर त्याला वेगळे पैसे. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी १९९९ साली दाखवून दिले की अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या मापाचे भोक पाडून नीट बसवले तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकेच काम करते. असा पंप आणि अशी बाटली असली की सौम्य आणि मध्यम झटक्यात विजेवर चालणाऱ्या वाफेच्या यंत्राचेही अडत नाही. वीज गेलेल्या रात्री आरोग्य केंद्रात हे माहीत असणे मोलाचे ठरते.

आता एका आरोग्य केंद्रापुरता हिशेब करता येईल. सपाट प्रदेशात एका प्राथमिक आरोग्य केंद्राखाली साधारण ३० हजार लोकसंख्या धरतात. प्रौढांत शंभरी दोन दमेकरी, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे प्रमाण आहे. तेच सरसकट धरले तर ६०० रुग्ण. सगळ्यांना रोज औषध लागेलच असे नाही. निम्म्यांना लागेल असे समजू. ३०० रुग्ण, प्रत्येकी वर्षाला आठ पंप, म्हणजे २ हजार ४०० पंप, महिन्याला २००. आदिवासी आणि डोंगराळ भागातील केंद्राखाली २० हजार लोकसंख्या असते, तेथे आकडा त्या प्रमाणात कमी. हे गणित पाचवीच्या वर्गात फळ्यावर सोडवता येईल. पुढील वर्षाचे मागणीपत्र भरताना आरोग्य केंद्राच्या औषधनिर्माण अधिकाऱ्याने ब्युडेसोनाइडपुढे गेल्या वर्षीच्या खपाऐवजी हा आकडा लिहिला, तर वरच्या कचेरीतून पहिली विचारणा ‘एकदम एवढी वाढ कशी?’ अशी येईल. त्या विचारणेला उत्तर म्हणून जोडायला त्याच्यापाशी ३०० नावांची यादी हवी. ती यादी अद्याप कोणी केलेली नाही.